साय धरेपर्यंत

जयंतराव,

आज पहाटे पुन्हा दहिवर पडले. अंगणातली कपड्यांची दोरी पांढरी झाली होती. दाराशेजारचे तुमचे बूट सुनीतीने अजून हलवलेले नाहीत. त्यांच्या नाड्यांवरही बर्फाचे बारीक काटे उगवले होते. मी नेहमीप्रमाणे पायरीवर वाकले, जमिनीला हात लावला, पाऊल ठेवण्याआधी तिची क्षमा मागितली आणि क्षणभर तशीच थांबले. मागून तुमचा आवाज यायची ती वेळ. "आई, परत आगाऊ क्षमा?" आवाज आला नाही. पाणी तापवण्याच्या किटलीचा आला. सुनीती उठली होती.

तुम्ही कुठे शिकलात, कोणत्या हुद्द्यावर होतात, हे सांगणारे लेख इतरांनी लिहिले. ते योग्यच आहेत. मला मात्र आपला अर्धा राहिलेला वाद पुढे न्यायचा आहे. सासू आणि जावई यांच्यात वाद असू नये असे आपल्याकडे मानतात. पण माझ्या वडिलांनी मला मुलांच्या बरोबरीने संस्कृत शिकवले, तेव्हा पहिला धडा हाच दिला होता की ज्याच्याविषयी आदर असतो त्याच्याशीच वाद करावा. त्या न्यायाने मी तुमचा फार आदर केला.

या देशाच्या उत्तरेकडे, अल्बनीच्या घरी होतो तेव्हा तुमचे माझे बोलणे बेताचे असे. तुम्ही सकाळी पेनरोजच्या कचेरीत जात असा, संध्याकाळी मोटारींच्या रांगेतून थकून येत असा. रविवारी सायकल घेऊन जंगलात जायचात आणि गुडघ्यापर्यंत पिवळा चिखल घेऊन परत यायचात. ती चिकणमाती धुऊन जात नसे. मोरीत तुमचे मोजे घासताना मी एकदा म्हटले होते, "हा चिखल म्हणजे नातलगच झाला, जायचे नाव घेत नाही." तुम्ही मोठ्याने हसलात. माझ्या बोलण्यावर तुम्ही मोकळेपणी हसलात तो मला वाटते पहिलाच प्रसंग. मातीने आपली ओळख करून दिली.

मग सुनीतीला इकडे दक्षिणेत, सेंट्रल ओटागोत, औषधांच्या दुकानात चांगली जागा मिळाली आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ या. तिथं पाऊस कमी आणि आकाश मोठं. वाळवंटच म्हणा ना." अलेक्झांड्रा गावाच्या बाहेर गाडी थांबवून तुम्ही मला खाली उतरवलेत. चहूकडे उघडे बोडके डोंगर, पानापानाच्या थरांचे करडे खडक, आणि पायाखाली रानटी ओव्याच्या जातीचे एक झुडूप, ज्याला इथे थाइम म्हणतात. चप्पल लागली की वास दरवळे.

"जयंतराव, वाळवंट म्हणालात. वाळू कुठे आहे?"

"आई, वाळवंट वाळूचं नसतं. पाण्याच्या नसण्याचं असतं."

मी तुम्हाला सांगितले की संस्कृतात वाळवंटाला मरु म्हणतात आणि तो शब्द मरणाच्या धातूपासून येतो. तहानेने जीव जातो ते स्थळ. तुम्ही लगेच टाळी दिल्यासारखे म्हणालात, "बघा! तुमच्या व्याकरणातही वाळू नाहीये!" त्या दिवसापासून आपली शाळा भरू लागली. कधी शिक्षक तुम्ही, कधी मी.

पहिली पायी फेरी आठवते ना? गावामागच्या डोंगरावर तुमच्या मंडळींनी सायकलींसाठी आखलेली ती नागमोडी वाट. तुम्ही सायकल हातात धरून माझ्या चालीने चाललात, हे मी कधी विसरले नाही. एका वळणावर मी दम खायला वाटेच्या बाजूला सरकले, तेव्हा तुम्ही एकदम हात आडवा केलात.

"आई, तिथं नको! साय मोडेल."

मी खाली पाहिले. जमिनीवर काळपट, खरबरीत, पापुद्र्यासारखा थर होता.

"साय?"

"दुसरा शब्द सुचत नाही हो. माती, शेवाळ, बुरशी, सगळं मिळून हा पातळ थर धरतो. त्याच्यामुळे वारा माती नेत नाही. एकदा मोडला की धरायला वर्षानुवर्षं लागतात. तापवलेल्या दुधावर धरते तशी... सायच ना?"

मी गुडघे टेकून पाहिले. त्या थरात करड्या रंगाच्या झालरी होत्या. गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल मला ओळखू येणार नाही, असे कसे होईल? "अहो, ही दगडफुलाची धाकटी भावंडे आहेत," मी म्हटले, आणि तुमचा चेहरा असा उजळला की जणू मी तुमच्या माहेरचे माणूस ओळखले.

त्यानंतर तुमचा शब्द पसरत गेला. वाटेबाहेरची ती जुनी साय, कधीच न मोडायची. आणि वाटेवरची रोजची साय: पाऊस पडून गेला, वारा सुटला, दोन दिवस ऊन पडले की चाळलेल्या पिठासारख्या त्या मातीवर घट्ट, गुळगुळीत थर बसे, त्यावरून चाक सरकन जाई आणि खूण उरत नसे. तुमच्या मंडळीतले गोरे लोकही शब्द उचलू लागले. ग्रॅहम, ज्यांनी मेंढ्यांच्या कुरणांत आयुष्य काढले आणि आता वाटेचे फाटक सांभाळतात, ते फोनवर विचारत, "हाउज द साय टुडे?" मला त्याचे कौतुक वाटे. आपला एक घरगुती शब्द इतक्या दूर येऊन कामाला लागला होता.

उन्हाळ्यात मात्र ती साय टिकत नसे. मकरसंक्रांतीला इथे डोंगर भाजून निघतो, हे मला पचायला फार वर्षे लागली. तिळगुळाचे हात पंख्याखाली धरावे लागतात. सूर्यही उत्तरेकडून फिरतो. देवघराची खिडकी दक्षिणेला केली तर दिवसभर सावलीच. त्या महिन्यांत वाट पीठ होई. वर भुरभुरीत धूळ, खाली खडीसारखे अभ्रकाचे चमकते कण, आणि वळणावर चाक निसटे. तुम्ही कोपर सोलून घरी येत असा आणि हळद मागत असा. "माती सैल झालीय," म्हणायचात, जणू एखाद्या मुलाची शिस्त सैल झाली असावी. मग कधीतरी संध्याकाळी चार थेंब पडत. तुम्ही खिडकीशी उभे राहून ते ऐकत असा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कचेरीला निरोप देऊन मोकळे होत असा.

"आज मुहूर्त आहे, आई."

"पंचांगात तर व्यतिपात आहे."

"मातीच्या पंचांगात नाहीये."

हे तुमचे मातीचे पंचांग मी कुठे शिकले? स्वयंपाकघरात. गणपतीसाठी रव्याचे लाडू वळत होते, आणि तुम्ही डब्यात ओली माती घेऊन ओट्याशी आलात.

"आई, तुमचा हात चांगला आहे. जरा ही वळून बघता?"

"जयंतराव! नैवेद्याचे चालले आहे. माती घेऊन आत?"

"गणपती पण मातीचेच ना?"

तुमच्या या उत्तरावर सुनीती ओट्याला टेकून हसत सुटली, आणि मी हात धुऊन अंगणात आले. तिथे तुम्ही मला तीन गोष्टी शिकवल्यात. मुठीत धरलेली माती रव्यासारखी सांडली तर ती सैल, सायकल जपून. लाडू वळला आणि बोट लावताच फुटला तर ती सर्वोत्तम, दिवसभर फिरा. आणि तळव्यांमध्ये फिरवल्यावर तिची वात वळली, समईत घालतो तशी लांब, न तुटणारी, तर फाटक बंद. त्या मातीवर चाक गेले की ती चाकाला धरून वर येते आणि मागे चाकोरी पडते. ती चाकोरी सुकली की दगड होते. पुढचा प्रत्येक जण तिच्यातून जातो, पाणीही तिच्यातूनच वाहते, आणि एका माणसाच्या एका फेरीपायी सगळी वाट खचते.

"मराठीत चाकोरी म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे ना?" मी विचारले होते.

"म्हणून तर मी नोकरीत कंटाळतो," तुम्ही म्हणालात.

इथून आपला वाद सुरू झाला. मी अंगणात वाकून भूमीची क्षमा मागत होते आणि तुम्ही चहाचा कप घेऊन पायरीवर बसला होतात. "आई, राग येणार नसेल तर विचारू? पाय द्यायचाच आहे, आणि आधीच क्षमा मागून ठेवायची. ही आगाऊ क्षमा झाली. चूक करणाऱ्याला बरी सोय."

मी शांतपणे सांगितले की पृथ्वीच्या नावांमध्ये क्षमा हे एक नाव आहे. ती सहन करते, म्हणून ती क्षमा. मागणाऱ्याने मागितली नाही तरी तिचा स्वभाव बदलत नाही. मागायची ती आपल्या स्वभावासाठी.

"हे नाव गंगेकाठी दिलं असणार," तुम्ही म्हणालात. "गाळाची जमीन, दरवर्षी पूर, दरवर्षी पाटी कोरी. इथं या आणि सांगा. या डोंगरावर सोनं शोधायला आलेल्या लोकांनी काढलेले चर अजून दिसतात. माझे आजोबा जन्मले नव्हते तेव्हाचे. ही माती काहीच माफ करत नाही, आई. सगळं लक्षात ठेवते."

मी म्हटले, तुम्ही माणसाच्या आयुष्याने मोजता आहात. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे दुसरं मोजमाप नाही. मी काही म्हणणार तोच तुमचा फोन वाजला, आणि वाद राहिला. पुढे कितीतरी सकाळी तो तसाच थोडा पुढे सरकला, थोडा मागे. तुम्ही कप ठेवताना म्हणायचात, "उरलेलं उद्या." ते 'उद्या' आता माझ्या एकटीकडे राहिले आहे.

त्या शेवटच्या आठवड्यात पाऊस लागला होता. इथे हिवाळ्यात असा पाऊस क्वचित लागतो. तुम्ही फावडे घेऊन संध्याकाळी डोंगरावर गेलात, वाटेवरचे पाणी बाजूला काढून द्यायला. भिजून आलात, भाताबरोबर कढी घेतलीत, दोनदा मागितलीत. एवढेच लिहिते. त्यापुढचे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मला त्यात शिरायचे नाही.

आता जे तुम्ही पाहिले नाहीत ते सांगते.

तुम्ही गेलात त्याच दिवशी रेवा वेलिंग्टनहून पोहोचली. जॉन्सनव्हिलच्या तिच्या घरातून निघताना तिने काय उचलले असेल, तर तुम्ही दिलेले सायकलचे हातमोजे. कपडे आणायचे राहिले. दहाव्या दिवसाचे तिने केले. अल्बनीचे गुरुजी पडद्यावरून सांगत होते, मी शेजारी बसून उच्चार सुधारत होते, आणि तुमची लेक, जी मराठीला इंग्रजीत उत्तर देते, तिने 'तृप्यताम्' एकदाही चुकवले नाही. तुम्ही असतात तर मला कोपराने खुणावले असते.

तिची एकच इच्छा होती. तेराव्याच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, तुमच्या मित्रांनी तुमच्या वाटेवरून एकत्र सायकली न्याव्यात आणि सर्वांत पुढे तुमच्या सायकलवर ती असावी. तिने मला आधी विचारले होते, "आजी, कॅन वी डू तेरावा ऑन सॅटर्डे? वेदर इज बेटर." मी नाही म्हटले. तिथी ही सोयीची गोष्ट नसते, हे मी तिला समजावून सांगितले आणि तिने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिचे परतीचे विमान होते. पुढे महिनाभर तिला रजा नव्हती.

तेरावा आला. आधीच्या दोन रात्री पाऊस, मग कडाक्याची थंडी, आणि त्या दुपारी स्वच्छ ऊन. तुम्ही कपाळाला हात लावला असतात. वरची बोटभर माती वितळलेली, तिच्याखाली अजून गोठलेली, त्यामुळे पाण्याला खाली जायला वाट नाही. दहाबारा माणसे सायकली घेऊन फाटकाशी उभी होती. काहीजण फार लांबून आली होती. सगळ्यांनी सायकली इतक्या स्वच्छ केल्या होत्या की मला देवपूजेच्या भांड्यांची आठवण झाली. फाटकावर तुमच्या हाताने रंगवलेली 'वाट बंद' ही पाटी होती. तीच, जी तुम्ही त्या शेवटच्या संध्याकाळी लावली होती. त्यानंतर तिला कुणी हात लावला नव्हता.

समोरच्या उतारावरून वाफ वर येत होती. ग्रॅहमनी टोपी काढली आणि हळूच म्हणाले, "देअर इट गोज, आई. द साय." माझे नावच आई आहे अशी त्यांची समजूत आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही ती कधी दुरुस्त केली नाहीत.

मी म्हटले, साय कुठे आहे? ती तर मोडली आहे, सगळा चिखल आहे. ते बुचकळ्यात पडले आणि त्या वाफेकडे बोट दाखवू लागले. मग उलगडा झाला, जयंतराव. त्यांच्या भाषेत याच उच्चाराचा एक शब्द उसाशासाठी आहे. इतकी वर्षे त्यांना वाटत होते की जमीन उसासा टाकते, असे तुम्ही म्हणता. ओल्या जमिनीतून वाफ निघते तोवर तिचा उसासा चालू. तो संपेपर्यंत कुणी जायचे नाही. असेच त्यांनी इतरांनाही शिकवले होते. मी त्यांना दुधाचे सांगितले. सुनीतीने इंग्रजीत नीट समजावले. ते किती वेळ हसले, आणि हसता हसता त्यांनी चष्मा पुसला.

"सगळी वर्षं मी त्याला कवी समजत होतो," ते म्हणाले, "आणि तो दुधाबद्दल बोलत होता!"

गंमत पाहा, दोन्ही अर्थांनी फाटक त्याच दिवशी बंद राहत आले. आणि त्या दिवशीही दोन्ही अर्थ एकच सांगत होते.

मी वाकून मूठभर माती उचलली. तळव्यांमध्ये फिरवली. रोज सकाळी कापसाची वळते तशी वात वळली, लांब, न तुटणारी. मी ती रेवापुढे धरली. तिला अर्थ ठाऊक होता. तो तुम्ही तिला लहानपणीच शिकवला होता.

तिचा चेहरा लाल झाला. "आजी, इट्स जस्ट वन राइड. बाबा वुड अंडरस्टँड."

"समजून घेतले असते," मी म्हटले, "आणि फाटक बंदच ठेवले असते."

"तिथी कान्ट मूव्ह. डर्ट कान्ट मूव्ह. सो ओन्ली आय हॅव टू मूव्ह?"

मी एवढे शास्त्र पढले, जयंतराव, पण तिचे बरोबर होते. दोन पंचांगांच्या मध्ये ती सापडली होती, आणि एका पंचांगाची किल्ली माझ्याकडे होती. मी ती फिरवली नव्हती, आणि आजही फिरवली नसती. सुनीती माझ्याकडे पाहू लागली, मी ग्रॅहमकडे. त्यांनी खिशातून कुलपाची किल्ली काढली आणि रेवाच्या हातात ठेवली. "युअर कॉल, लव्ह. तू उघडलंस तर आम्ही येऊ. वाट आम्ही वसंतात नीट करू."

तिने किल्ली घेतली. फाटक उघडले नाही. बाजूच्या दगडांवरून, जिथे मातीला पाय लागत नाही तिथून, ती एकटी थोडी आत गेली, पहिल्या वळणापर्यंत, तुम्ही पाणी काढून द्यायला चर खणलात तिथवर. आणि खाली बसली. बराच वेळ उठली नाही.

"आजी," तिने तिथून हाक मारली. मग प्रथमच, स्पष्ट मराठीत, "आजी, इकडे ये."

ग्रॅहमच्या हाताला धरून मी दगडादगडावरून गेले. चराच्या तोंडाशी, मऊ मातीत, बुटाचा एक ठसा होता. उजव्या पायाचा. टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली. तुम्ही पाय थोडा वाकडा टाकता, तुमचे सगळे बूट तसेच झिजतात. सुनीती त्यावरून तुम्हाला किती बोलली असेल! फावडे दाबताना भार दिला असेल तो तिथे उतरला होता. मधल्या दिवसांत पाऊस चराने वाहून गेला, ठसा वरच्या काठावर राहिला. वळणाच्या सावलीत त्यात साचलेले पाणी अजून गोठलेलेच होते आणि त्या बर्फात आकाश दिसत होते.

माती सगळे लक्षात ठेवते, असे तुम्ही म्हणाला होतात. ती तक्रार आहे असे मी समजत होते.

रेवाने ठशाला हात लावला नाही. उठली, त्याच दगडांवरून परत आली, ग्रॅहमना किल्ली दिली आणि वाऱ्याने तिरपी झालेली तुमची पाटी सरळ केली. म्हणाली, "नॉट टुडे, गाइज. सॉरी. घरी चला, खीर आहे." आणि ती सारी माणसे स्वच्छ सायकली हातात धरून, डांबरी रस्त्याने, पायी, आपल्या घरापर्यंत आली. मोठी रांग होती. सायकलींच्या चाकांचा तो कटकट आवाज तेवढा येत होता. त्या दिवशी मला वाटले, ही तुमची खरी यात्रा. वाटेला न लागता झालेली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. विमानतळावर मला मिठी मारून म्हणाली, "आजी, लुक आफ्टर द साय." मी विचारले, कोणती, दुधाची की उसाशाची? "बोथ," ती म्हणाली.

नंतर ग्रॅहम विचारायला आले होते. ठशावर ताडपत्री टाकू का, की प्लास्टर ओतून त्याचा साचा काढू? भला माणूस. मी रात्रभर विचार केला आणि नको म्हणून कळवले. सुनीतीलाही विचारले, ती म्हणाली, "आई, त्यांनी ताडपत्री टाकू दिली असती का?" तुम्हीच सांगितले होते की दहिवर हा या मातीचा नांगर. रात्री मातीतले पाणी गोठते, बर्फाच्या सुया उभ्या राहतात, मातीचा कण न् कण वर उचलतात. दुपारी वितळून खाली ठेवतात. इतक्या हलक्या हाताने की दिसत नाही. तेव्हा नांगराच्या आड कशाला यायचे?

मात्र मी रोज पाहायला गेले. सुनीती कामावर जाताना मला फाटकाशी सोडते, ग्रॅहम परत आणतात. पहिल्यांदा टाचेची झिजलेली कड गेली. मग तळव्यावरच्या रेघा. मग नुसता एक उथळ खळगा राहिला, जो पाहणाऱ्याला दिसला नसता. मला दिसत होता. मी तिथे उभी राहून तुमच्याशी उरलेला वाद घालत असे. तुमची बाजू मीच मांडायची, माझीही मीच. प्रामाणिकपणे सांगते, तुमची बाजू पुष्कळदा वरचढ ठरली. सोने शोधणाऱ्यांचे चर अजून आहेतच ना? आणि रेवाच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

गेले चार दिवस कोरडा वारा सुटला आहे. आज दहिवर पडले तरी पातळ होते. दुपारी फाटकाशी गेले तेव्हा उतारावर वाफ नव्हती. मी दगडांवरून त्या वळणापर्यंत गेले. खळगा नव्हता. तिथे माती सपाट होती, थोडी फुगलेली, आणि तिच्यावर पातळ, घट्ट, उजळ असा थर होता. मी मूठभर उचलून वळली. लाडू झाला. बोट लावले, फुटला.

तुमचे पाऊल गेले, जयंतराव. ते ज्या मातीने इतके दिवस जपले तिनेच ते घेतले. मी खाली वाकले आणि तिला हात लावला. क्षमा मागायला वाकले होते. तोंडून मागणे निघाले नाही. हात तसाच थोडा वेळ तिथे राहिला. ऊन उत्तरेकडून पाठीवर येत होते. थाइमचा वास होता.

ग्रॅहम फाटकाशी वाट पाहत होते. त्यांनी पाटी उतरवून बगलेत घेतली. मी तिथूनच रेवाला फोन लावला. तिकडून "हाय आजी, ऑल गुड?" आले.

"साय धरली आहे," मी म्हटले. "ये."